खाऱ्या पाण्याच्या टँकमधले शिकारी मासे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यात ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न पाळून झाले की पुष्कळांचं लक्ष समुद्री शिकाऱ्यांकडे वळतं. लायनफिश, मोरे ईल, ट्रिगर, फ्रॉगफिश. हे मासे घरात चांगले जगतात, काही तर दहा-पंधरा वर्षं जगतात. ते जगतात की नाही हे बहुतेक वेळा दुकानात, खरेदी करतानाच ठरलेलं असतं. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या फ्लॅटमध्ये, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि महापालिकेच्या पाण्यावर टँक चालवणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

शिकारी मासा ओळखायचा कसा?

तोंड बघायचं. लायनफिश, फ्रॉगफिश, स्कॉर्पियनफिश आणि हेकरू म्हणजे ग्रूपर, या सगळ्यांचं तोंड शरीराच्या मानाने प्रचंड असतं आणि दात बारीक असतात. हे दबा धरून बसतात, तोंड एकदम उघडतात आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढून अख्खं गिळतात. ट्रिगर आणि केंड म्हणजे पफरफिश, यांची तऱ्हा वेगळी. तोंड लहान, पण दात असे की खेकड्याचं कवच आणि शिंपल्याची टरफलं फुटतात. ते टँकमधल्या सोबत्याला गिळणार नाहीत, पण त्याचे पंख कुरतडतील. मोरे ईलमध्ये दोन्ही प्रकार आहेत. काहींचे दात सुईसारखे टोकदार असतात आणि त्या मासे पकडतात, काहींचे बोथट असतात आणि त्या मुख्यतः खेकडे-कोळंबी खातात. आपण घेतोय तो मासा गिळणारा आहे की फोडणारा, हे कळलं की त्याचं खाणं आणि त्याचे सोबती हे दोन्ही प्रश्न निम्मे सुटतात.

पहिलाच मरीन टँक आहे. थेट लायनफिश आणला तर चालेल का?

टँक पूर्ण सायकल झालेला असेल तर चालेल. सायकलिंग म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि दगडांवर स्थिरावणं. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मगच मासा आणायचा.

शिकारी माशांच्या बाबतीत इथे थोडी जास्तच सबुरी लागते. एवढासा क्लाउनफिश दिवसाला चिमूटभर खातो. लायनफिश एका बैठकीत दोन कोळंब्या खातो, आणि त्या प्रथिनांचा अमोनिया एकदमच पाण्यात येतो. कोवळा फिल्टर तो पेलत नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने एखाद्या काटक माशावर हात बसवावा. क्लाउनफिश हल्ली हॅचरीत वाढवलेले मिळतात. नवी मुंबईत ऐरोलीलाही समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली आहे. मात्र पुढे लायनफिश आणाल तेव्हा हाच क्लाउनफिश त्याचा घास होऊ शकतो. त्यासाठी दुसरा छोटा टँक किंवा एखादा मित्र तयार ठेवा.

माझा टँक चार बाय दोन बाय दोन फुटांचा आहे. त्यात नक्की काय ठेवू?

हा टँक काठोकाठ भरला तर साडेचारशे लिटरचा, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास पाणी धरा. शिकारी माशांसाठी हे मध्यम माप झालं. यात उत्तम राहणारे मासे आहेत, पण ते दुकानात सगळ्यांत आधी नजरेत भरणारे नसतात.

माझी पहिली पसंती मरीन बेटाला, ज्याला कॉमेटही म्हणतात. गडद तपकिरी-काळ्या अंगभर पांढरे ठिपके, लांब झुलणारे पंख, आणि पाठीवरच्या पंखाच्या शेवटाशी डोळ्यासारखा एक गोल ठिपका. घाबरला की हा मासा डोकं कपारीत घालतो आणि शेपटीकडची बाजू बाहेर ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ठिपक्यांची एक मोरे ईल बिळातून तोंड काढून बघते आहे. शिकार करतानाची त्याची चालही बघण्यासारखी असते. अंग तिरकं करून, पंख पसरून, तो कोळंबीच्या दिशेने इतका हळू सरकतो की बघणाऱ्याचा धीर सुटतो. वाढतो वीस सेंटीमीटरपर्यंत. रोगांना दाद देत नाही. पहिले काही आठवडे मात्र लपून राहतो आणि अंधार पडल्यावरच खातो. त्या काळात मासा वाया गेला म्हणून दुकानात परत नेऊ नका.

त्यानंतर ड्वार्फ लायनफिश. फझी ड्वार्फ सतरा-अठरा सेंटीमीटरवर थांबतो. झेब्रा ड्वार्फ त्याहून थोडा मोठा होतो. फू मांचू सगळ्यांत लहान, जेमतेम तेरा सेंटीमीटर, आणि दिसायला सगळ्यांत विलक्षण. पण तो खाण्याच्या बाबतीत हट्टी, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पोस्टरवर असतो तो मोठा लायनफिश अडतीस सेंटीमीटरपर्यंत जातो. पंख पसरल्यावर त्याला दोन फूट रुंदीच्या टँकमध्ये वळायलाही अडचण होते.

मोरे ईलपैकी स्नोफ्लेक ईल याच मापात बसते. फ्लेम आणि लाँगनोज हॉकफिश तर त्याहून छोट्या टँकमध्येही राहतात. हॉकफिश दगडाच्या टोकावर बसून डोळे फिरवत पाहत राहतो आणि कोळंबी दिसली की झडप घालतो. बोटाएवढा मासा, पण शिकाऱ्याची सगळी लक्षणं त्यात दिसतात.

हे सगळे एकाच टँकमध्ये कोंबायचे नाहीत. एक ड्वार्फ लायनफिश, एक मरीन बेटा आणि एक स्नोफ्लेक एवढ्यात चार फुटांचा टँक भरला.

दुकानात पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं एक फार गोड पिल्लू पाहिलं. घेऊ का?

तो पँथर ग्रूपर. पिल्लू दोन-तीन इंचांचं असतं, डोकं खाली करून, पंख हलवत डुलत डुलत पोहतं, आणि काचेपाशी येऊन माणसाकडे बघतं. न आवडणारा माणूस विरळाच. हाच मासा सत्तर सेंटीमीटर होतो. हाँगकाँगमध्ये तो महागड्या मेजवानीतला मासा म्हणून प्रसिद्ध आहे, यावरून त्याच्या आकाराचा अंदाज यावा. आपल्या टँकमध्ये तो वर्षाला काही इंच वाढत राहतो, वाटेत आलेला प्रत्येक लहान मासा गिळतो, आणि एक दिवस टँकच्या रुंदीत त्याला वळता येत नाही.

अशा वेळी विकायला जावं तर दुकानदार घेत नाही, कारण एवढा मोठा मासा ठेवायला त्याच्याकडेही जागा नसते. मासा मोठा झाला की पुढे बघू, असं म्हणून घेतलेले बहुतेक ग्रूपर चाळीस-पन्नास सेंटीमीटरच्या आत मरतात. कोणताही मासा घेताना पिशवीतलं पिल्लू डोळ्यांसमोर ठेवू नका. पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी माहीत करून घ्या, तेवढी पट्टी कापून टँकमध्ये धरून बघा. टँकची लांबी माशाच्या पूर्ण वाढलेल्या लांबीच्या किमान चार-पाचपट आणि रुंदी दीडपट तरी भरली पाहिजे, असा माझा हिशोब आहे. पँथर ग्रूपर या हिशोबात घरगुती टँकमध्ये बसतच नाही.

लायनफिश विषारी असतो ना? घरात लहान मुलं आहेत.

विष काट्यांत असतं. पाठीवर तेरा काटे, पोटाखालच्या पंखांत दोन्ही बाजूंना एकेक आणि मागच्या खालच्या पंखात तीन, असे एकूण अठरा विषारी काटे मोठ्या लायनफिशला असतात. पिसाऱ्यासारखे दिसणारे बाजूचे मोठे पंख बिनविषारी असतात. मासा माणसाच्या अंगावर धावून येत नाही. टँकमध्ये हात घालून दगड हलवताना किंवा काच पुसताना त्याच्याकडे लक्ष नसलं की काटा लागतो. त्यामुळे नियम सोपा आहे. मासा कुठे आहे हे दिसल्याशिवाय हात पाण्यात घालायचा नाही. त्याला जाळीने पकडायचं नाही, काटे जाळीत अडकतात. प्लास्टिकच्या डब्यात घ्यायचं. टँकच्या झाकणाला कडी हवी.

काटा लागलाच तर वेदना भयंकर असतात. शिंगाळ्याचा काटा लागलेला कोळी माणूस ओळखीचा असेल तर त्याला विचारा. लायनफिशचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणून जखमेचा भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर न जाता, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हाताने आधी तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला का ते पाहायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जाच. श्वास लागणं, चक्कर, अंगभर सूज यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

स्टोनफिशची गोष्ट याहून फार गंभीर आहे. त्याचं विष माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तो घरात आणू नये.

काय खाऊ घालायचं? बाजारातली मासळी चालते का?

या एका बाबतीत आपल्याला खरोखर भाग्य लाभलं आहे. परदेशातले हौशी लोक गोठवलेली पाकिटं विकत आणतात, आपल्याकडे रोज सकाळी ताजी कोळंबी, माकूल, तिसऱ्या, मुडदुशे, चिंबोऱ्या मिळतात. लायनफिशला कोळंबी, करंदी आणि मुडदुशांचे तुकडे. स्नोफ्लेकला कोळंबी, माकूल, खेकडा. केंड आणि ट्रिगरला तिसऱ्या शिंपल्यांसकट, म्हणजे दात झिजतात. केंडाचे दात आयुष्यभर वाढत असतात. मऊ खाण्यावर ठेवला तर दात इतके वाढतात की तोंड उघडेनासं होतं.

मासळी आणल्यावर नळाच्या आणि मग आर.ओ.च्या पाण्याने धुऊन घ्या, कोळंबीचं डोकं काढू नका, एकेका वेळचे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. काही दिवस नीट गोठवलं की बरेच परजीवी मरतात. बांगडा आणि तारली फार तेलकट, पाण्यावर तवंग आणतात, ते क्वचितच द्यावेत. तारली आणि मांदेलीच्या कुळांतल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. रोज तेच खाल्लं तर मासा खाणं सोडतो, पुढे झटके येऊन मरतो. म्हणून एकाच प्रकारच्या मासळीवर कधी राहू नका. आठवड्यातून एकदा तुकडे जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून द्या.

किती द्यायचं, यावरही बोललं पाहिजे, कारण उपाशी मेलेल्या लायनफिशपेक्षा जास्त खाऊन मेलेले लायनफिश काही कमी नसतात. मोठ्या लायनफिशला आणि ईलला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरतं. पोट किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं. तो काचेपाशी येऊन मागत राहील. समुद्रात त्याला पुढचा घास कधी मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे मिळेल ते खाणं हा त्याचा स्वभावच आहे. सतत भरवलं की यकृतात चरबी साठते. ट्रिगर आणि केंड दिवसभर हिंडून खाणारे, त्यांना रोज थोडं थोडं द्यावं.

जिवंत मासे खाताना बघायची हौस आहे. गोल्डफिश टाकले तर?

नको. गोल्डफिशमध्येही थायमिनेज असतं, शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांतल्या चरबीची जात समुद्री माशांना मानवत नाही, आणि दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून रोग येतात ते वेगळेच. जिवंत भक्ष्यावर वाढलेला लायनफिश तुकड्यांकडे पाहतही नाही.

नवा लायनफिश काहीच खात नसेल तेवढ्यापुरती जिवंत करंदी वापरायला हरकत नाही. दोन-तीन दिवस जिवंत करंदी द्या. मग काठीच्या टोकाला मेलेली करंदी लावून त्याच्या समोर, तोंडापासून चार बोटं अंतरावर, थरथरवत हलवा. लायनफिश आधी पंख पुढे आणून भक्ष्याला कोपऱ्यात घेतल्यासारखं करतो, तोंडातून पाण्याची बारीक फुंकर मारतो, डोळे भक्ष्यावर रोखतो. हे सगळं चाललेलं असताना काठी मागे घ्यायची नाही. बहुतेक मासे आठवड्याभरात काठीवर येतात.

फ्रॉगफिश घ्यावा का? इंटरनेटवर बघून वेड लागलंय.

घ्या, पण त्याच्यासाठी स्वतंत्र टँक ठेवा. वार्टस्किन फ्रॉगफिश दहा-बारा सेंटीमीटरचा होतो, त्याला दोन-अडीच फुटांचा टँकही पुरतो. हा मासा पोहण्यापेक्षा चालणं पसंत करतो, छातीचे पंख हातांसारखे टेकवत. कपाळावर एक बारीक दांडी असते आणि तिच्या टोकाला मांसल आमिष. स्वतः दगडासारखा निश्चल बसून तो ती दांडी पुढे टाकतो आणि आमिष हलवतो. मासा जवळ आला की गिळण्याची क्रिया काही मिलिसेकंदांत उरकते. आपल्याला दिसतं ते एवढंच, की क्षणापूर्वी तिथे एक मासा होता आणि आता नाही.

स्वतःएवढ्या लांबीचा मासाही तो गिळतो, आणि कधी कधी त्यातच गुदमरून मरतो. लायनफिशबरोबर तर कधीच ठेवू नका, काट्यांसकट गिळायला तो कमी करत नाही. रंग बघूनही भुलू नका. आज पिवळा असलेला फ्रॉगफिश आजूबाजूच्या दगडांप्रमाणे काही आठवड्यांत वेगळाच दिसू लागेल.

मोरे ईल चावते का? ती सारखी तोंड उघडते-मिटते, रागात असते का?

ती श्वास घेते आहे. कल्ल्यांवरून पाणी फिरवायला तिला तोंड सतत उघडझाप करावंच लागतं. तिची नजर अधू आणि नाक तीक्ष्ण असतं, त्यामुळे कोळंबीचा वास लागलेलं बोट तिला कोळंबीच वाटतं. चिमट्याने भरवा. मोरे ईलच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने पकडलेलं भक्ष्य ही जोडी पुढे येऊन आत ओढून नेते. ही यंत्रणा शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रत्यक्ष टिपून दाखवली.

स्नोफ्लेक ईलला जेवढं पाणी लागतं, तेवढंच घट्ट झाकण लागतं. पाइप जाण्यासाठी ठेवलेली दोन बोटांची फट तिला बाहेर पडायला पुरते. सकाळी सोफ्यामागे वाळलेली ईल सापडणं हा या छंदातला सर्वांत टाळण्याजोगा मृत्यू आहे. फटी जाळीने बंद करा, झाकणावर वजन ठेवा.

रिबन ईल मात्र घेऊ नका. काळ्या पिल्लाचा निळा नर होतो आणि पुढे पिवळी मादी, हे खरंच अद्भुत आहे. पण बंदिवासात बहुतेक रिबन ईल खाणं घेतच नाहीत आणि काही महिन्यांत झुरून मरतात.

ट्रिगरबद्दल इतकं बरं-वाईट ऐकू येतं. नक्की काय खरं?

जातीजातीत फरक आहे. नायजर ट्रिगर त्यातल्या त्यात समंजस. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत तो पुष्कळ येतो, दात लाल असतात. पिकासो मध्यम भांडखोर. क्लाउन ट्रिगर लहानपणी शांत वाटतो आणि मोठा होताना सगळा टँक आपला मानतो. अनड्युलेटेड ट्रिगर एकटाच ठेवायचा मासा. या सगळ्यांना सहा फुटांचा टँक धरा. ब्लूजॉ ट्रिगर पाण्यात तरंगणारं बारीक अन्न खाणारा असल्यामुळे बराच मवाळ, आणि लहानही राहतो.

ट्रिगर हुशार असतात. दगड उचलून दुसरीकडे ठेवतात, हीटरची वायर कुरतडतात, माणूस ओळखतात. रात्री कपारीत शिरून पाठीवरचा पहिला काटा उभा करतात आणि दुसऱ्या काट्याने त्याला खुट्टी मारतात, मग त्यांना कोणी ओढून काढू शकत नाही. लायनफिश आणि ट्रिगर एकत्र ठेवू नका. लायनफिशचे पंख महिन्याभरात काड्यांसारखे दिसू लागतात.

छोटी मुशी किंवा पाकट घरात ठेवता येईल?

बँबू शार्क अंड्यातून बाहेर येते तेव्हा वीतभरही नसते, म्हणून मोह होतो. ती मीटरभर वाढते. तिला उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ लागतं, तळाला मऊ वाळू लागते, आणि तांब्याची औषधं तिला अजिबात सोसत नाहीत. खोलीएवढा हौद बांधायची तयारी असेल तर विचार करा. निळ्या ठिपक्यांचा पाकट अनुभवी माणसांकडेही क्वचितच तगतो. नर्स शार्क तीन मीटर होते, तिचा विषयच नको.

सीहॉर्स आणि जिवंत कोरल भारतात कायदेशीर आहेत का?

सीहॉर्स आणि पाइपफिश २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हेही त्याच वेळी त्यात आले. सर्वांत मोठा हेकरू, म्हणजे जायंट ग्रूपर, हासुद्धा संरक्षित आहे. दुकानात कोणी मागच्या खोलीत नेऊन दाखवलं तरी घेऊ नका. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजेही प्रवाळाचाच सांगाडा. सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम दगड वापरा. शिकारी माशांना कपारी आणि सावली हवी असते, ती त्यातून मिळते.

स्किमर, चिलर, मीठ, वजन. खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

पाण्यापासून सुरू करू. एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ लागतं. पंधरवड्याला शंभर लिटर पाणी बदललं तर साडेतीन किलो मीठ गेलं. ते शंभर लिटर आर.ओ.चं असणार, आणि घरगुती आर.ओ. त्यासाठी आणखी दोन-तीनशे लिटर पाणी बाहेर टाकतो. ते लादी पुसायला, बागेला साठवा. पाणीकपातीच्या दिवसांत हे गणित आधीच केलेलं बरं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्यातलं मीठ मोजायच्या उपकरणावर, १.०२३ ते १.०२५.

स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, तो टँकच्या लिटरांपेक्षा दुप्पट क्षमतेचा घ्या. यावर काटकसर करू नका. तापमान चोवीस ते सव्वीस अंश. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपुरात टँकचं पाणी सहज तीस-बत्तीसला जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मोठ्या माशाला तोच जास्त लागतो. चिलर परवडत नसेल तर मोठा शिकारी मासा परवडत नाही, असं धरून चाला. वीज गेल्यावर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) किंवा निदान एअर पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे.

वजनाचं म्हणाल तर चार बाय दोन बाय दोनचा भरलेला टँक, काच, स्टँड आणि सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) मिळून सहाशे किलोच्या आसपास जातो, आणि तो पाऊण चौरस मीटरवर उभा असतो. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखतात. चार फुटांचा टँक तुळईला लागून, भिंतीकडेला बहुधा निभतो. सहा फुटांचा टँक मांडण्याआधी, विशेषतः जुन्या इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुकानात मासा निवडताना काय बघू?

खाताना बघा. दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, आणि नाही म्हणाला तर निघा. मासा नुकताच आला असेल तर बयाणा देऊन दोन आठवडे तिथेच ठेवायला सांगा. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात काही मासे अजून सायनाइडने पकडले जातात. ते सुरुवातीला ठीक दिसतात आणि नंतर काही दिवसांत दगावतात. डोळे स्वच्छ, पोट आत गेलेलं नाही, श्वास संथ, पाठीचा मांसल भाग भरलेला, एवढं तपासा. दुकानातल्या पाण्याची क्षारता मोजा. पुष्कळ दुकानं मीठ कमी ठेवतात, तिथून थेट आपल्या पाण्यात टाकलं तर मासा कोलमडतो. थेंब थेंब पाणी मिसळत न्या, आणि महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवा.

काउफिश दिसला तर कौतुकाने बघा आणि पुढे जा. घाबरला किंवा मेला की तो पाण्यात विष सोडतो, बंद टँकमध्ये त्याने सगळे मासे जाऊ शकतात.

मासा आता सांभाळणं जमत नाही. समुद्रात सोडला तर त्याची सुटका होईल ना?

असं कधीही करू नका. मूळ हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला, बहुधा कोणाच्या टँकमधून सोडलेला. आज तो कॅरिबियन बेटांपासून ब्राझीलपर्यंत पसरला आहे आणि तिथल्या प्रवाळांवरची लहान मासळी फस्त करतो. आपल्या समुद्रातलाच मासा असला तरी टँकमधले रोग तो बरोबर नेतो. दुसरा हौशी शोधा, मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयाला विचारा. मासा बरा न होण्याइतका आजारी असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने लवंगेच्या तेलाने त्याला वेदना न होता झोपवता येतं.

गणपतीला आठवडाभर गावी जायचंय. माशांचं काय?

धष्टपुष्ट मोठा लायनफिश किंवा मोरे ईल आठवडाभर उपाशी सहज राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी भरपेट घालू नका, नेहमीएवढंच द्या आणि उरलेलं काढून टाका. केंड आणि ट्रिगर असतील तर मोजून बांधलेल्या दोन पुड्या फ्रीझरमध्ये ठेवून शेजाऱ्यांना वार सांगा. बाकी शेजाऱ्यांना दोनच कामं. रोज सकाळी येऊन पंप चालू आहे आणि चिलरचा आकडा सव्वीसच्या खाली आहे हे बघणं. आणि सम्पमधलं पाणी खुणेखाली गेलं तर कॅनमधलं गोडं आर.ओ. पाणी खुणेपर्यंत भरणं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, त्यामुळे त्यात मीठ घालायचं नाही. पुडी घालण्याखेरीज झाकण उघडायचं नाही, हे कागदावर लिहून टँकला चिकटवा, आणि खाली आपला नंबर लिहा.